अर्थिंगची तार थेट फेजला!

मित्रांनो, डोकं अजून तापलेलंच आहे.

कुडवा गावातल्या प्रशिक्षण केंद्रात मी शेतातल्या मोटरपंपाचं वायरिंग शिकवतो. आज वरच्या ऑफिसातून एआयनं काढलेला रंगीत चार्ट आला. त्यात मोटरची अर्थिंग जमिनीत न जाता थेट फेजला जोडलेली!

दवनीवाड्याहून शिकायला येणाऱ्या सुनीतानं चार्ट पाहून तशीच जोडणी केली. चालू करण्याआधी मी तपासलं म्हणून निभावलं, नाहीतर मोटरच्या लोखंडातच करंट उतरला असता.

चार्ट पाठवणाऱ्या साहेबाला फोन लावला. म्हणाला, "चित्र तर मस्त दिसून राहिलं. तुम्ही कायले भडकून राहिले?"

साहेब, चित्र मस्तच आहे. आता पाण्यानं भरलेल्या धानाच्या बांधीत अनवाणी उभे राहा आणि त्याच जोडणीच्या मोटरला हात लावा. बटन सुनीता दाबेल.