तारेच्या आतली मातामाय

गाव सोडलं तेव्हा साकोलीची एसटी हॉर्नवर हॉर्न देत होती आणि माय मला ओढत नेत होती लष्कराच्या कोठाराकडे. कोठाराला काटेरी तार घातली तेव्हा आमची ग्रामदेवता, मातामाय, आत अडकली होती.

"पाया पड अन् जा," माय म्हणाली.

"कोनाच्या? तारेच्या?" मी वैतागलो. तरी पडलो.

पुण्यात जपानी शिकलो, तिथून शिष्यवृत्तीवर ओकिनावाला. गावच्या मित्रहो, तुमचं प्रत्येक पत्र जपानी ट्रान्झिस्टर मागायचं. अरे बाबांनो, इथं डोक्यावरून अमेरिकेची लढाऊ विमानं जातात, समोरचा माणूस ऐकू येत नाही, ट्रान्झिस्टर काय ऐकता!

माझी म्हातारी घरमालकीण गोष्टी लिहायची. तिच्या पूर्वजांचं थडगं अमेरिकी तळाच्या आत होतं. वर्षातून एकदा आत जायचा पास मिळे, एरवी ती नैवेद्याचा डबा घेऊन कुंपणाबाहेरच हात जोडायची. भावांनी कंटाळून बाहेर नवं थडगं बांधलं. ही तिकडे फिरकली नाही. यावरच तिनं गोष्ट लिहिली. टोकियोचे संपादक म्हणाले, कुंपण काढा, समुद्र घाला, मग छापू.

"जन्मभर मी दुसरं काय सांगते आहे?" ती कडाडली. "कुंपण काढा!"

मी ती गोष्ट मराठीत आणली. नागपूरच्या एका मासिकानं परत पाठवली. म्हणे, यात आपलं काय? कपाळावर हात मारून घेतला.

काही वर्षांनी गावी आलो, तर तारेबाहेर पळसाखाली शेंदूर फासलेला नवा दगड. बाबा खुशीत होते. "सरकारशी कोन भांडते? झाली ना सोय!"

माझं डोकंच फिरलं. तिकडे एक म्हातारी आयुष्यभर हटत नाही आणि आमचं गाव दगड मांडून मोकळं!

तेवढ्यात माय पानात नैवेद्य घेऊन निघाली. नव्या दगडाला ओलांडून थेट तारेपाशी.

"माय, मातामाय इकडं आनली ना?"

"दगड आनला. मातामाय आतच हाये. मी इकडं पाया पडली का सरकारले वाटन, झालं, मिटलं."

मला रडू आलं. एवढी वर्षं मी त्या पाया पडण्याला लाचारी समजत होतो.

परत निघताना मीच मायला तारेकडे घेऊन गेलो. एसटी हॉर्न देत राहिली. देऊ दे. घर म्हणजे आता माझ्यासाठी तारेबाहेरची ती हातभर जागा, आणि कुठंही गेलो तरी तिथून मी हलणार नाही.