छेद सगळ्याच्या खाली

मुखेडच्या शाळेत मी गणित शिकवायला लागलो की माझा आवाज रस्त्यापलीकडच्या पानटपरीपर्यंत जायचा. टपरीवाला म्हणायचा, "सर, तुमच्यामुळं माझं बी बीजगणित पक्कं झालं बगा." मला ही स्तुती वाटायची. बायकोच्या मते ती तक्रार होती.

मग घशात गाठ निघाली. लातूरला ऑपरेशन झालं, गाठ साधी होती, पण डॉक्टरांनी बजावलं की काही आठवडे एक शब्दही बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुढं आवाज किती परत येईल हे त्यांनाही सांगता येत नव्हतं. लातूरच्या घरी रजेवर बसलो. बोलायचं ते पाटीवर लिहायचं. आमच्या संसारात बायकोला पहिल्यांदाच स्वतःचं वाक्य पुरं करायला मिळत होतं, आणि ती एकही वाक्य सोडत नव्हती.

माझा जीव अडकला होता दहावीच्या वर्गात. शाळेत गणिताला दुसरा शिक्षक नव्हता. वर्गसमीकरणं तशीच पडून होती आणि मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. जो भेटायला येई तो सांगे, व्हिडिओ बनवा. व्हिडिओत काय करू, हातवारे? मी वहीच्या पानांचे फोटो पाठवून पाहिले. पण पोरांकडचे फोन त्यांच्या वडिलांचे. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली आणि बियाण्यांच्या जाहिरातींखाली माझी गणितं गाडली जायची. एका पालकांनी तर फोनमध्ये जागा होत नाही म्हणून अख्खं बीजगणित पुसून टाकलं.

म्हणून वेबसाइट काढली. कधी उघडली तरी धडा जागेवर सापडेल, एवढाच हेतू. जागा घेतली ती स्वस्तातली, शेअर्ड होस्टिंगची. म्हणजे एकाच सर्व्हरवर पन्नास बिऱ्हाडं. भाड्याच्या खोलीत कसं, खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं, तसाच प्रकार.

सूत्रं टाइप करायची रीत मी शिकलो. सूत्राच्या दोन्ही बाजूंना डॉलरची खूण द्यायची, अपूर्णांकासाठी उलटी तिरकी रेघ आणि 'फ्रॅक', वर्गमुळासाठी 'एस्क्यूआरटी'. एक फुकटचा प्रोग्राम ही बाराखडी वाचतो आणि पुस्तकात असतं तसं सुबक सूत्र काढून दाखवतो. वर्गसमीकरण सोडवायचं सूत्र माझ्या लॅपटॉपवर इतकं देखणं उमटलं की मी बायकोला हाताला धरून दाखवायला आणलं. खाली नेहमीची सूचना लिहिली: नवीन सूत्र आधी पाच वेळा लिहून काढा, मगच गणिताला हात लावा. माझ्या वर्गात हा नियम कोणी मोडत नाही.

दोन दिवसांनी वर्गाच्या मॉनिटर मुलीनं आपल्या वहीचा फोटो पाठवला. मोत्यासारखं अक्षर. पाच ओळी, आणि प्रत्येक ओळीत डॉलर, तिरकी रेघ, फ्रॅक, महिरपी कंस, पुन्हा डॉलर. रेघा पट्टीनं मारलेल्या, डॉलर लाल पेनानं. खाली तिनं विचारलं होतं, 'सर, डॉलर दोन्हीकडं द्यायचाच का? आम्ही सगळे तसंच लिहायलोत.'

तिला ओरडावं म्हणून मी तोंड उघडलं, मग डॉक्टर आठवले आणि मिटलं. बायकोनं तिच्या फोनवर साइट उघडली.

"आवो, हे गणित हाय का मंतर?"

तिच्या फोनवर नुसती बाराखडीच दिसत होती. पोरांना सूत्र दिसलंच नव्हतं. सरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढ्या भरवशावर अख्ख्या वर्गानं तो कचरा पाच-पाच वेळा घोटला होता. मला लाज वाटली. त्याहून जास्त भीती वाटली. हीच पोरं हे डॉलर बोर्डाच्या पेपरात लिहून आली असती.

होस्टिंगवाल्यांच्या मदतीच्या चॅटवर मी तणतणत लिहिलं की तुमच्या सर्व्हरवर सूत्र दिसत नाही, तो प्रोग्राम तिथं बसवून द्या. तिकडून अतिशय नम्र उत्तर आलं की या प्लॅनमध्ये सर्व्हरवर काहीही बसवता येत नाही. फोनवर बोलता आलं असतं तर मी दोन शब्द सुनावून फोन तिथंच ठेवला असता. पण टाइप करायचं म्हणजे राग बोटांपर्यंत येईस्तोवर निवतो. मी सगळं पहिल्यापासून नीट लिहिलं. तेव्हा त्या भल्या माणसानं विचारलं, "सर, तुमचा प्रोग्राम सर्व्हरवर चालतो की बघणाऱ्याच्या फोनवर?"

मी तपासलं. फोनवर! सर्व्हरनं फक्त फाइल हातात द्यायची, सूत्र काढायचं काम ज्याचं त्याचा फोन करतो. मालकाला काही विचारायचंच नव्हतं. मग घोडं अडलं कुठं? तो प्रोग्राम कुठून घ्यायचा हे सांगणारी एक ओळ पानात असते. तिच्यात मी पत्ता दिला होता माझ्याच लॅपटॉपच्या डी ड्राइव्हचा. मुखेडच्या माणसाला म्हणायचं, मीठ आमच्या लातूरच्या फडताळात आहे, घ्या की! काखेत कळसा आणि गावाला वळसा. प्रोग्रामचं फोल्डर साइटवर चढवलं, पत्ता बदलला, आणि बायकोच्या फोनवर सूत्र उमटलं. जीव भांड्यात पडला. 'आता परत उघडून बघा' असं मॉनिटरला कळवलं. मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चहा.'

चहा होतोय तोवर मॉनिटरचा फोन आला. बायकोनं स्पीकर लावला. तिकडं पाच-सहा जणांचा गलका होता.

"काकू, सरांना सांगा, दिसलं! आन् दिसल्या दिसल्या वळखलं बी. नववीत हुतो तवा भिंतीपल्याडून रोज ऐकू यायचं की हे! म्हणून दाखवू का?"

आणि मी काही कळवायच्या आत सगळी एका सुरात सुरू झाली. "एक्स बरोबर वजा बी, अधिक-उणे, वर्गमुळात बी वर्ग वजा चार ए सी, छेद दोन ए. आणि छेद सगळ्याच्या खाली, अर्ध्याच्या नाही, गाढवांनो!"

मग मॉनिटरचा बारीक आवाज आला, "काकू, ते शेवटचं सर म्हणायचे म्हणून आलं तोंडात."

ते शेवटचं मी साइटवर लिहिलेलं नव्हतं. आवाज न करता हसायला मी त्या दिवशी शिकलो. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, तर बायको पदर पुढं करत म्हणाली, "रडा, रडा. रडायला डॉक्टर न्हाई म्हणले न्हाईत."

परीक्षेच्या आधी मी वर्गावर परतलो. आवाज आला, पण पातळ. टपरीपर्यंत सोडा, तिसऱ्या बाकापर्यंतही धड पोचत नाही. त्याचं आता फारसं वाईट वाटत नाही. छेद दोन ए मी म्हणतो. गाढवांनो पोरं म्हणतात.