गव्हाच्या कोठीतली डिस्क

देवरावकाका गेल्याचं कळलं तेव्हा मी आष्टीच्या बाजारात पत्रकं वाटत होते. पिपरी मेघेहून काकूंचा फोन आला. "सकाळी चहा घेतला, खुर्चीत बसले, अन् तसेच... तू येजो वो लवकर." उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली. त्या क्षणी पत्रक या वस्तूचीच मला शिसारी आली. का, ते सांगायला हे लिहिते आहे. महिना उलटला, भेटायला येणारे थांबले, आता खरं बोलायला हरकत नाही.

काका आमचे शेजारी. नागपूरच्या एका कचेरीत नकाशे काढणाऱ्या संगणकांवर त्यांची सगळी नोकरी झाली. वर्कस्टेशन म्हणत त्यांना. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणारी, टीव्हीसारख्या बोजड पडद्याची यंत्रं. कचेरीनं ती भंगारात काढली तेव्हा काकांनी दोन विकत घेतली आणि मेटॅडोरमध्ये घालून घरी आणली. सोबत एक टेप आली. तिच्यावर यंत्राच्या प्रणालीचा मूळ कोड होता, म्हणजे माणसांनी लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मजकूर. यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनं तो कचेरीला सहीवर दिला होता. बाहेर कुणाला द्यायचा नाही ही अट. सही काकांची. टेप वाचणाऱ्या यंत्रातलं रबरी चाक काकवीसारखं वितळलं होतं, तर काकांनी त्यावर सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा चढवला. टेप एकदाच वाचली गेली. वाचता वाचता तिच्यावरचा तपकिरी थर झडून खाली पडत होता... जे वाचलं ते यंत्राला जोडलेल्या एका वेगळ्या हार्ड डिस्कवर उतरलं. दुसरी प्रत आम्हाला कुठेच सापडली नाही.

मी दार लोटलं की ते ओरडायचे, "या, घोषणाबाई! आज कोनाच्या विरोधात?" मग शेजारच्या स्टुलावर बसवून कोड दाखवायचे. दाखवायचे फक्त; प्रत मागितली की मान हलायची. एकदा एका ओळीवर बोट ठेवून थांबले. कुणा परदेशी माणसानं कोडच्या मधोमध टीप लिहिली होती, की हे तात्पुरतं जुगाड आहे, सोमवारी नीट करतो. "त्याचा सोमवार काई आलाच नाई पाय," काका म्हणाले. "असन का नाई तो आता, कोनाले ठाऊक. पन बोलून राह्यला आपल्यासंग." मला त्या खोलीत पंख्याच्या घरघरीत तिसरं कुणीतरी बसलं आहे असं वाटलं.

प्रत देण्यावरूनच आमचं भांडण. ती कंपनी विकली गेली, विकत घेणारीही विकली गेली. काकांनी प्रत देण्याची परवानगी मागायला पत्रांवर पत्रं लिहिली. शेवटच्या कंपनीकडून उत्तर आलं ते असं, की या कोडची मालकी नेमकी कुणाकडे हे सांगता येत नाही, तरी तो कुणाला देता येणार नाही. वा! कुणाचा आहे ठाऊक नाही, पण तुमचा नाही हे मात्र पक्कं. मी म्हटलं, "काका, कंपनीच राहिली नाही, तुमची अट कशाला राहते?"

"सही तं माही हाये ना."

मी संतापले, आणि संतापले की मी छापते. एका रात्रीत मजकूर लिहिला, 'कुलपातला कोड मोकळा करा'. खाली काकांचं नाव आणि पिपरी मेघे, ठळक अक्षरात. त्यांना न विचारता. पत्रक फोनोफोनी फिरलं आणि काही आठवड्यांत त्याच कंपनीच्या वकिलाची नोटीस काकांच्या दारात आली. माझ्या नाही, त्यांच्या.

भ्यालेला माणूस काय करतो? काकांनी डिस्क काढली, धोतराच्या फडक्यात गुंडाळली आणि गव्हाच्या कोठीत पार तळाशी खुपसली. काकूंनाही सांगितलं नाही. वर्षाचा गहू भरला होता. काकूंनी दरवर्षीसारख्या किडीच्या गोळ्या टाकल्या आणि झाकण चिकटपट्टीनं बंद केलं. त्या गोळ्यांचा वायू किडे मारतो, तसा तांबंही खातो. हे घरात कुणाला माहीत असणार? नोटिशीचं पुढे काहीच झालं नाही. दिवाळीनंतर कोठी उघडली तर डिस्कच्या बोर्डवरचं सगळं तांबं काळं ठिक्कर पडलेलं. डिस्क फिरेना.

"मले सांगाचं तं होतं!" काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या. "गव्हात कोनी संगनक ठेवते का, बाप्पा?"

मी म्हटलं, माझ्यामुळे झालं. काका बराच वेळ फडक्याच्या घड्या घालत राहिले. "तू छापलं, हिनं गोळ्या टाकल्या. पन भेलो तं मी. खरं तं ते चुकलं." मग म्हणाले, "डिस्क मेली नाई वो. बोर्ड मेला. असाच दुसरा भेटला तं बोलन ते." त्याच मॉडेलचा बोर्ड शोधत ते नागपूरच्या भंगारवाल्यांकडे जात राहिले, शेवटच्या आठवड्यापर्यंत. आणि मला परवानगी दिली, पहिल्यांदाच: "कोड निघाला तं तू उतरवून घेजो. सहीचं मी पाहीन."

आता डिस्क माझ्याकडे आहे, आणि शोधही. कुठल्या कचेरीच्या गोदामात अशी यंत्रं धूळ खात असतील तर भंगारात देण्याआधी एकदा उघडून पाहा. ज्यांनी ती बनवली त्यांच्या वारसांना काही पडलेली नाही, हे मी लेखी उत्तर वाचून सांगते आहे.

दर रविवारी मी त्या खोलीत जाते. बटण दाबलं की यंत्र पंख्याचा श्वास घेतं, आणि मग अडतं. सुरू होताना कोणत्या डिस्क तपासायच्या याची त्याच्याकडे यादी असते; तीत ती डिस्क अजून आहे. ती नाही हे त्याला समजत नाही. मिनिटभर तिला हाका मारतं, पडदा गप्प, मग नाइलाजानं पुढे सरकतं. परवा काकू दारात उभ्या होत्या.

"काऊन थांबलं वो?"

"डिस्क शोधतंय काकू. यादीतली एक ओळ खोडली की नाही थांबणार."

"ह्यायनं नाई खोडली?"

"नाही."

काकू आत आल्या, काकांच्या खुर्चीवर न बसता पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पडदा काळा होता आणि त्यात आम्ही दोघी दिसत होतो.

"मंग शोधू दे त्याले," त्या म्हणाल्या.