अक्कासाठीचा निरोप

नीलम वरणगावहून चेन्नईजवळच्या आवडीला आली तेव्हा तिसरीत होती. वडील, रत्नाकरराव, संरक्षण खात्याच्या कारखान्यात फिटर. बदली झाली आणि बिऱ्हाड इकडे आलं ते कायमचंच. त्यांची क्वार्टर आमच्या शेजारची, म्हणून ती वाढताना मी पाहिली. शाळेत हिंदी, मैदानावर तमिळ आणि घरात खानदेशी वळणाची मराठी असं तिचं चालायचं. बारावीनंतर ती नर्सिंगला गेली. पदवी मिळाली, कौन्सिलकडे नोंदणीही झाली, पण मनासारखी नोकरी मिळेना. छोट्या दवाखान्यांत दिवसभर राबवून घेत आणि वर अनुभव नाही म्हणून ऐकवत. तेवढ्यात रेल्वेच्या रुग्णालयांसाठी नर्सेसची भरती निघाली. तिनं अर्ज भरला. परीक्षा होईपर्यंत अभ्यासाला वेळ देणारं काहीतरी काम तिला हवं होतं.

घरी नर्स पुरवणाऱ्या एका एजन्सीत तिनं नाव घातलं होतं. तिथून फोन आला की मराठी येणारी नर्स पाहिजे. चेन्नईत अशी मागणी कोण करतंय, याचं तिला नवल वाटलं. पत्ता वेस्ट मांबलमचा होता. आवडीहून सेंट्रल, समोरच्या पार्क स्टेशनवरून मांबलम, असा तिचा रोजचा प्रवास सुरू झाला.

घर तुळजाजी रावांचं. मूळचे तंजावरचे मराठी, वय ऐंशीच्या पुढे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी तमिळ आणि इंग्रजीत काम केलं होतं. बायको तमिळ होती, त्यामुळे घरातही तमिळच. पण पक्षाघाताच्या झटक्यानंतर उजवी बाजू लुळी पडली आणि या दोन्ही भाषा जिभेवरून गेल्या. कोणी तमिळमध्ये बोललं तर ते नुसते तोंडाकडे बघत. उरली ती लहानपणी घरात बोललेली जुनी मराठी. त्यांची एकुलती एक मुलगी विजयालक्ष्मी बँकेत अधिकारी होती. तिला मराठीतले आठ-दहा शब्द यायचे, तेही खाण्यापिण्याचे. बाप काय म्हणतो ते मुलीला कळत नव्हतं. म्हणून मराठी नर्स हवी होती.

पहिल्या दिवशी नीलमनं "आजोबा, उशी नीट करू का?" असं विचारलं आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांची मराठी तिलाही सगळी समजत नव्हती. काही शब्द फार जुने होते, काहींना तमिळचा हेल होता. पण चार-सहा दिवसांत दोघांचं जमलं. सकाळी स्पंजिंग, व्यायाम, जेवण झालं की दुपारी ते पडत आणि ती खिडकीशी बसून परीक्षेचा अभ्यास करी. संध्याकाळी विजयालक्ष्मी बँकेतून आली की वडील दिवसभर काय काय बोलले ते विचारायची. नीलम तमिळमध्ये सांगायची. त्या बाई ते ज्या ओढीनं ऐकायच्या ते पाहून नीलमला मनातून थोडं मोठंही वाटायचं.

परीक्षा तीन आठवड्यांवर आली तेव्हा आजोबांनी एक गोष्ट धरली. त्यांची थोरली बहीण तंजावरला मुलाकडे राहत होती. तिला ते अक्का म्हणत; विजयालक्ष्मीशी बोलताना मात्र तिचा उल्लेख नेहमी 'तुझी आत्या' असाच होई. "अक्कास बोलाव. एक वेळ पाहून घेतों," असं ते म्हणाले. नीलमनं सांगते म्हटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

तिनं सांगितलं नाही. मी तिला नंतर विचारलं तेव्हा तिनं काही लपवलं नाही. अक्का आल्या असत्या तर सोबत माणसं आली असती, घर भरलं असतं, दुपारचा निवांतपणा गेला असता. किंवा विजयालक्ष्मीनं गाडी करून वडिलांनाच तंजावरला नेलं असतं आणि नर्स म्हणून नीलमलाही जावं लागलं असतं. परीक्षा होऊ दे, मग लगेच सांगू, असं तिनं मनाशी ठरवलं. इतके दिवस थांबले, अजून थोडे थांबतील.

एका संध्याकाळी मात्र सांगण्याची वेळ आपणहून आली. आजोबा झोपेतच अक्का, अक्का करत होते. विजयालक्ष्मी दारात उभी राहून ऐकत होती. तिनं विचारलं, "अक्का कोणाला म्हणतायत गं?"

तमिळमध्ये कुठल्याही बाईला अक्का म्हणतात. नीलमला उत्तर शोधावंही लागलं नाही.

"मलाच म्हणतात, मॅडम."

बाई हसल्या. तुझा फार लळा लागलाय त्यांना, असं म्हणून आत कॉफी करायला गेल्या. नीलम सांगते, त्या दिवशी गाडीत पुस्तक उघडलं, पण आवडी येईपर्यंत पान उलटलं नाही.

परीक्षा चांगली गेली. दुसऱ्या दिवशी सांगायचं असं ठरवून ती मांबलमला गेली, तर आजोबांना ताप होता. तापात कसं सांगायचं म्हणून राहिलं. ताप उतरला, तोवर बाईंचं बँकेतलं ऑडिट सुरू झालं होतं. आणि आता सांगायचं तर इतके दिवस का नाही सांगितलं हेही सांगावं लागणार होतं. असे दिवस जात राहिले. आजोबांनीही विचारणं कमी केलं. ते फक्त दाराकडे बघत पडायचे.

मग तंजावरहून अक्कांच्या मुलाचा, राममूर्तीचा, फोन आला. अक्का सकाळी पूजेला बसल्या होत्या, तिथेच गेल्या.

विजयालक्ष्मीनं फोन ठेवला. मग नीलमकडे आली. म्हणाली, माझ्या मोडक्या शब्दांत त्यांना हे सांगणं बरं दिसणार नाही, तू सांग. मी शेजारी बसते.

नीलमनं सांगितलं. आजोबा ऐकत राहिले. डावा हात चादरीवर फिरत होता. मग त्यांनी विचारलं, "विजीस सांगितली होतीस ना तू?"

नीलमनं मान हलवली. हो अशी.

"तरी ती बोलावली नाही," असं म्हणून त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

काय म्हणाले, असं विजयालक्ष्मीनं विचारलं. नीलम म्हणाली, काही नाही, दुःख झालंय.

त्या दिवसापासून म्हाताऱ्यानं मुलीच्या हातचं खाणं सोडलं. नीलमनं भरवलं तर खायचे. मुलगी जवळ आली की डोळे मिटून घ्यायचे. विजयालक्ष्मीला वाटलं, बहिणीच्या दुःखामुळे असं होतंय. तिनं फोनवर व्हिडिओ पाहून मराठी वाक्यं पाठ करायला सुरुवात केली. पलंगाशेजारी बसून ती अडखळत विचारायची, "अप्पा, तुम्हाला दुखते का?" ते उत्तर देत नसत. मग ती नीलमला विचारायची, माझं वाक्य चुकलं का? नीलम म्हणायची, नाही मॅडम, बरोबर होतं.

हे बघणं नीलमला असह्य होऊ लागलं. घरीही तिचं जेवण कमी झालं. तिच्या आईला वाटलं, निकालाची काळजी आहे.

निकाल लागला. नीलमची निवड झाली होती, पुढे कागदपत्रं तपासून पेरंबूरच्या रेल्वे रुग्णालयात नेमणूकही मिळाली. आमच्या वसाहतीत रत्नाकररावांनी पेढे वाटले. मांबलमला तिनं नोकरी लागल्याचं आणि महिनाअखेरीस काम सोडत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी विजयालक्ष्मीनं तिच्यासाठी साडी आणि पाल्कोवा, म्हणजे आटवलेल्या दुधाची मिठाई, आणली. अप्पांसाठी तू जे केलंस ते आमच्या घरातल्या कोणाला जमलं नसतं, असं म्हणत साडीवर कुंकवाची पुडी ठेवून ती पुढे केली.

नीलमनं हात पुढे केला नाही. तिथेच, स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं सगळं सांगितलं. आजोबा काय मागत होते, आपण का दडवलं, अक्का म्हणजे कोण, आणि ते तुमच्यावर का रुसलेत. मध्ये कुठे थांबली नाही, कारण थांबलं तर पुढचं सांगता येणार नाही असं तिला वाटलं.

विजयालक्ष्मी ओरडली नाही. साडी टेबलावर ठेवून ती खुर्चीवर बसली. म्हणाली, "आत्याचा दर आठवड्याला फोन यायचा. मी येऊ का, असं विचारायची. मी म्हणायचे, कशाला गुडघे दुखवतेस, अप्पा आता कोणाला ओळखत नाहीत." आणि मग, "तू मला काही सांगितलं नव्हतंस, हे त्यांना सांग. आत्ता. मी बाहेर थांबते."

नीलम आत गेली. आजोबांच्या पलंगापाशी खाली बसली, त्यांना मान उचलावी लागू नये म्हणून. तिनं सोप्या शब्दांत सांगितलं की मी सांगितलंच नाही, मॅडमना काही माहीत नव्हतं, चूक माझी. आजोबा तिच्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग होता की नाही, हे तिला आजही सांगता येत नाही. तिनं माफी मागितली. ते फक्त "विजी" म्हणाले. मग पुन्हा, जरा मोठ्यानं.

विजयालक्ष्मी आत आली तशी नीलम उठून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी एजन्सीतून फोन आला की तिथे आता यायची गरज नाही.

पेरंबूरला ती रुजू झाली. काम तिला जमलं. एकदा वॉर्डात ओडिशाचा एक गँगमन आला होता. तो सारखं काहीतरी मागत होता आणि कोणाला कळत नव्हतं. आपली ड्युटी संपल्यावरही नीलम थांबली आणि इमारतीत हिंडून उडिया येणारा एक पॅथॉलॉजीचा तंत्रज्ञ शोधून आणला. गँगमनला गावी फोन लावून हवा होता, एवढंच. वॉर्डाच्या मुख्य सिस्टरनं सगळ्यांसमोर तिचं कौतुक केलं. नीलम तिथून उठून गेली. मला म्हणाली, "मावशी, लोक मला चांगली म्हणतात ना, तेव्हा फार वाईट वाटतं."

तिला पहिल्या पगारानंतर मांबलमला जायचं होतं. मी म्हटलं, जाऊ नकोस, त्यांना पुन्हा त्रास. ती गेली. विजयालक्ष्मीनं दार उघडलं, कशी आहेस विचारलं, उभ्याउभ्या पाणी दिलं. आत ये म्हणाली नाही. तिनं बँकेतून मोठी रजा घेतली होती. आतून आजोबांचा आवाज आला, काहीतरी हवं होतं. नीलमला कळलं, ते चष्मा मागत होते. पण आता त्या दोघांच्या मध्ये पडायचं नाही म्हणून ती बोलली नाही. विजयालक्ष्मी आत गेली, आधी पाणी हवं का असं विचारताना ऐकू आलं, मग वर्तमानपत्र, आणि मग तिला चष्मा सापडला असावा, कारण आवाज थांबला.

नीलमनं पेला खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चपला घातल्या. दुपारच्या ड्युटीला अजून वेळ होता, तरी ती पेरंबूरला लवकरच पोचली आणि वॉर्डातल्या चादरी बदलायला घेतल्या.