मालनबाईंची अंबाडी

आमच्या लालबागच्या चाळीत मालनबाईंना कोणी हरवलंय असं झालेलं नाही. वय सदुसष्ट, माहेर देवगडचं, आणि गिरणी कामगारांची खानावळ चालवण्यात उभी हयात गेलेली. आवाज असा की तिसऱ्या माळ्यावरून हाक मारली तर नाक्यावरचा भाजीवाला 'आलो' म्हणतो. घाटावरच्या गिऱ्हाइकांनी त्यांना अंबाडीच्या भाजीची चटक लावली. खानावळ बंद झाली, पण गॅलरीतल्या पत्र्याच्या डब्यात अंबाडी दरवर्षी उगवतेच.

गेल्या शनिवारी ह्या अंबाडीने चाळ पेटवली! समोरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहणाऱ्या हितेंद्रने फोटो काढून ग्रुपवर टाकला: 'चाळीत गांजाची शेती!' पान बोटांसारखं फाटलेलं, दिसतं खरं तसंच. आणि वेळ तरी कोणती? मालनबाईंची नात अनुजा पोलीस भरतीत निवडली गेलेली, मंगळवारी चारित्र्य पडताळणीला हवालदार येणार. पोरीने दोन वर्षं पहाटे उठून धावून मिळवलेली ती नोकरी होती हो!

सगळी चाळ गॅलरीत जमली. आमच्या शेजारच्या तात्यांना कायद्याचं अर्धं ज्ञान आहे, म्हणजे अज्ञानापेक्षा वाईट. ते म्हणाले, "घाबरता कशाला? एक किलोपर्यंत गांजा चालतो."

"चालत नाही, तात्या!" अनुजा उसळली. "किलोपर्यंत शिक्षा कमी, एवढंच. तरी वर्षभर आत जाता येतं. ओढला तरी गुन्हा. आणि झाड लावणं तर वेगळंच, एक झाड असलं तरी दहा वर्षांपर्यंत!"

"मग उपटून टाका ना ते!" कोणीतरी ओरडलं.

"मेल्यांनो, भाजी उपटू?" मालनबाई कंबर कसून डब्यापुढे उभ्या. "उपटली तर लोक म्हणतील, चोराच्या मनात चांदणं. हात लावून बघा कोणी!"

कोणी लावला नाही. 

मंगळवारी हवालदार आले ते थेट डब्याकडेच. फोटो पोलीस ठाण्यापर्यंत पोचला होता. वाकले, देठावरून बोट फिरवलं, काटा टोचला. मालनबाईंनी एक पान तोडून स्वतः चावलं, दुसरं त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांनी वास घेतला, जिभेला लावलं, आणि डोळे मिटून ओरडले, "अंबाडी! आजी, आम्ही लातूरचे. मुंबईत सहा वर्षांत हिचं तोंड पाहिलं नव्हतं!"

काय सांगू, गॅलरीत टाळ्याच पडल्या! अनुजा रडायला लागली, मीही डोळे पुसले. आणि त्या आनंदाच्या भरात तात्या बोलून गेले, "साहेब, शिमग्याला या! मालनबाई भांगेची ठंडाई अशी घोटतात..."

टाळ्या थांबल्या. हवालदारांनी विचारलं, "परवाना आहे?"

"भांगेला कसला परवाना? देवाचा प्रसाद तो," तात्या म्हणाले. अनुजाचा चेहरा पाहिला आणि घाईघाईने डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "म्हणजे, भांग... केसांचा भांग हो!" तात्यांना टक्कल पडून वीस वर्षं झाली.

अनुजा पुटपुटली, "बाहेरच्या काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं असतात. आपल्याकडे परवान्याशिवाय भांगही चालत नाही."

मालनबाईंनी नातीला मागे सारलं. मग हवालदारांकडे वळून स्वच्छ म्हणाल्या, "चाळीस वर्षं घोटली साहेब. परवाना नाही. चालते असंच समजत होते. घरात आज चिमूटभरही नाही, बघून घ्या. आणि लिहायचं ते माझ्या नावावर लिहा, पोरीच्या नाही."

"आजी!" अनुजा किंचाळली. "कोणी विचारलं होतं तुला?"

हवालदारांनी पडताळणीचा कागद काढला. पेन टेकवून म्हणाले, "माझ्या कागदावर ह्या पोरीची वागणूक विचारलीय, तुमच्या ठंडाईची नाही. यंदा बदामाचीच करा." आणि त्यांनी 'चांगली' असं लिहिलं.

ते जिना उतरून गेले तशी अनुजा आजीकडे वळली. "गप्प राहिली असतीस तर काय बिघडलं असतं?"

"तुझ्या नोकरीची सुरुवातच माझ्या खोट्याने झाली असती गे," मालनबाई म्हणाल्या.

अनुजाने आजीला घट्ट मिठी मारली.