रीप्लेच्या खुर्चीवरून

अजूनही तो पोरगा माझ्या डोळ्यांपुढे पडतो. स्वारगेटला बसची वाट बघताना पडतो, भाजी निवडताना पडतो. आणि दर वेळी हळूहळू पडतो, कारण टीव्हीवर मीच त्याला तसं पाडलंय.

माझं काम रीप्लेचं. मैदानाबाहेरच्या व्हॅनमध्ये बसायचं, सगळ्या कॅमेऱ्यांचं चित्र माझ्या मशीनवर येतं, त्यातलं आत्ता घडलेलं मागे नेऊन, वेग कमी करून लगेच दाखवायचं. लगेच म्हणजे लगेच! जरा श्वास घ्यायला थांबलं, की हेडफोनमधून दिग्दर्शक विचारतो, "बाई, चहा पाठवू का?" लोक म्हणतात, मजा आहे तुमची, फुकट मॅच बघता. अहो, या ना एकदा, बसा माझ्या जागेवर.

मशीनची एक खोड आहे. जागा भरली की ते जुनं पुसून नवं घेत राहतं. मी खूण केलेले तुकडे तेवढे उरतात.

त्या कबड्डीच्या मॅचला वारज्याचा हा पोरगा चढाईला गेला, पकडीत सापडला आणि मानेवर पडला. "रीप्ले, रीप्ले!" कानात ओरडा. मी भराभर खुणा केल्या, सगळ्या बाजूंनी त्याचं पडणं दाखवलं. मग लक्षात आलं, तो उठतच नाहीये. हॉस्पिटलमध्ये नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

काही आठवड्यांनी भर दुपारी त्याची आई नारायण पेठेतल्या आमच्या ऑफिसात आली. मॅच नसली की माझं मशीन तिथेच असतं. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"मैदानात शिरताना त्यानं कॅमेऱ्यात बघून मला हात केला, असं त्याचे मित्र सांगतात. मी टीव्हीपुढेच बसले होते हो. पण आमच्याकडे तेव्हा साबणाची जाहिरात चालू होती. तेवढं दाखवता का?"

घरोघरी जाहिरात चालू असली तरी व्हॅनमध्ये मैदान दिसतच असतं. तो हात मी पाहिला होता. "काय हसतोय मेला!" असं म्हणालेही होते, कौतुकानं, सहज. तो शब्द आता माझ्या तोंडून निघत नाही.

"मला दिसला होता," मी म्हणाले. "दोन्ही हात वर करून हसत होता."

"मग लावा ना."

"ते पुसलं गेलं हो, काकू. तेव्हा खूण करण्यासारखं काही वाटलं नाही." स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली.

काकूंनी मशीनकडे बोट केलं. "काहीच उरलं नाही?"

"पडतानाचं आहे."

"त्यात तोंड दिसतं त्याचं?"

"दिसतं. पण काकू, नका ना बघू."

त्यांनी खुर्ची पुढे ओढली, पदरानं चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला.

"लावा."