पोलीस ॲक्शननंतरचा पहिला मोहरम

निजामी कशी होती, असं आजकालची पोरं विचारतात तेव्हा मी त्यांना नाका जाळल्याची गोष्ट सांगतो. ती त्यांना आवडते, आणि ती खरीही आहे. आज दुसरी सांगणार आहे. ही सांगू नका, असं चांगल्या चांगल्या माणसांनी मला सुचवून पाहिलं. "झालं गेलं, कशाला उकरता?" म्हणाले. उकरणार. इतकी वर्षं गप्प बसून बघितलं, त्यानं काही बुजलं नाही.

आमचं गाव सोनपेठच्या अलीकडं, गोदावरीच्या काळ्या रानात. तो काळ तुम्ही पाहिला नाही, म्हणून थोडं सांगतो. शाळा उर्दूत. घरी आईला 'भाकर दे' म्हणायचं आणि शाळेत भाकरीचंही नाव दुसरं. डोक्यावर गोंड्याची लाल टोपी, सकाळी हुजुरांना दीर्घायुष्य मागणारी प्रार्थना. रुपया हाली सिक्क्याचा, तो सरहद्दीपलीकडच्या इंग्रजी मुलखात चालत नसे. पलीकडून साधा मांजरपाट आणायचा म्हटलं तरी करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या नाक्यावर शिपाई गाडीतला सगळा कडबा उपसून बघायचा. तालमीला परवानगी, सभेला परवानगी, मिरवणुकीला परवानगी. जर्मनीच्या लढाईच्या दिवसांत साखर आणि रॉकेल कंट्रोलवर, खळ्यावरची ज्वारी सरकारच्या लेव्हीत. पुढं देश स्वतंत्र झाला, पण तो पलीकडचा. आमच्याकडं तो दिवस बाकीच्या दिवसांसारखाच उगवला आणि तसाच मावळला.

मग हुजुरांची सत्ता राखायला निघालेल्या हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. आमच्याकडं त्यांना नुसतं 'खाकीवाले' म्हणत. त्यांनी शेजारच्या वाडीतली घरं जाळली. धूर मी आमच्या माळवदावरून पाहिला, आणि त्याच महिन्यात घर सोडून सरहद्दीपलीकडं, निजामीविरुद्ध लढणाऱ्यांच्या कॅम्पात गेलो. मिसरूड फुटायचं वय होतं. आम्ही शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीच्या दारूवर सरकारचं उत्पन्न उभं होतं. नाका जाळला. त्याची मला लाज नाही. पुन्हा तसे दिवस आले तर पुन्हा जाळीन.

लाज आहे ती त्याच्या पुढची.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंजाऱ्याचं घर होतं. मुसलमानांची घरं गावात मोजकीच, त्यातलं हे एक. गाद्या-रजयांचा कापूस तो पिंजायचा; कमानीच्या तातीचा आवाज दुपारभर गल्लीत घुमायचा आणि दारात कापसाचे तंतू उडायचे. मी त्याला चाचा म्हणायचो. गावाची मोहरमची सवारी याच घरात असे. सवारी म्हणजे उंच काठीला बांधायचा पितळेचा पंजा. वर्षभर तो कापसात गुंडाळून कोनाड्यात ठेवलेला असायचा. मोहरमात त्याला हार आणि रंगीत कापडं बांधायची, आणि चाचानं तो घेऊन गावभर फिरायचं. पण त्याआधी अलावा खणावा लागे. अलावा म्हणजे सवारीपुढं विस्तव पेटवायचा खड्डा. तो महादेवाच्या देवळासमोरच्या पटांगणात खणत, आणि त्याची पहिली कुदळ आमच्या घरची. का, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आमची कुदळ पडल्याशिवाय सवारी उठत नाही, एवढंच ठाऊक.

वडील गेल्यावर तो मान माझ्याकडं आला. शिवाय मी नवसाचा. माझ्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून आईनं सवारीला नवस बोलला होता. दर मोहरमात सवारी आमच्यापुढं थांबायची, चाचा काठी झुकवायचा, आणि पंजाला लावलेला लाल-हिरवा नाडा आई माझ्या गळ्यात घालायची. आई सोमवारी महादेवाला बेल वाहायची आणि मोहरमात गूळ घालून मलिदा करायची. या दोन्हींत तिला काही भानगड दिसत नव्हती. मलाही नव्हती.

तुम्हाला वाटेल, आता पिंजाऱ्यानं आम्हाला खाकीवाल्यांपासून वाचवलं, असं काहीतरी येईल. येणार नाही. त्यानं आमच्यासाठी जीव धोक्यात घातला नाही. खाकीवाले आले तेव्हा गावातल्या सगळ्यांसारखंच त्यानंही दार लावून घेतलं. तो कापूस पिंजत होता, बस. शेजारी म्हणून जगायला एवढं पुरे असायला हवं. ज्यांना ते पुरत नाही, त्यांच्याशी मी आता वाद घालत बसणार नाही.

भाद्रपदात पोलीस ॲक्शन झाली, हिंदुस्थानच्या फौजा आल्या. आकाशातून विमानं गेली, रस्त्यानं गाड्या, आणि आमचे बापजादे ज्या निजामीत जन्मले आणि मेले ती आठवडाभरात संपली. मी कॅम्पातून गावी आलो. गावानं मला हार घातला, चावडीवर बसवलं. खाकीवाले केव्हाच पळून गेले होते. लोकांचा राग मात्र पळाला नव्हता, आणि हाताशी होती ती ही मोजकी घरं.

भर दुपारी घोळका पिंजाऱ्याच्या दाराशी जमला. घरची माणसं मागच्या मागं नदीकडच्या ज्वारीत शिरली होती. आमच्या भावकीतला एक थोरला, त्याला मी दादा म्हणायचो, तो माझ्याकडं वळला.

"तू क्याम्पातला मानूस. तूच सांग, काय करावं?"

त्या दिवशी मी 'चला परत' म्हणालो असतो तर लोक परत फिरले असते. माझ्या शब्दाला तेवढी किंमत होती, त्या एकाच दिवशी होती. मी म्हणालो, "आधी त्यांचं निशाण काढा." आणि कुणाला सापडायचं नाही म्हणून मीच आत गेलो. कोनाडा मला माहीत होता. मी पंजा घेऊन बाहेर आलो, माझ्यामागं लोक आत घुसले. कमान मोडल्याचा आवाज मी ऐकला. चावडीसमोर खाकीवाल्यांनी पळताना टाकलेल्या कपड्यांचा ढीग होता, त्यावर मी पंजा टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शत्रूचं निशाण म्हणून मी जे ओढून आणलं, ते माझ्याच गावाचं होतं, माझ्याच नवसाचं.

आई शेतातून आली ती तडक चावडीवर. ढिगातून पंजा उचलला, पदरानं पुसला, काखेत धरला.

"काकू, ते खाकीवाल्याचं निशान हाय," दादा म्हणाला.

"खाकीवाले आले तवा तू कनगीत बसला व्हतास. तुला निशान कवा दिसलं रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी "आई, अगं" म्हणालो.

"आई म्हनू नगंस. ज्याला नवस केला त्याला ओढून आनलास. उद्या मला बी आन, टाक ढिगावर."

पंजा आमच्या देवघरात, महादेवाच्या पिंडीशेजारी राहिला. काही आठवड्यांनी पिंजारी बायकापोरं घेऊन परतला. घराला दार नव्हतं, कमान नव्हती, आणि रजई भरायला कुणी बोलावत नव्हतं. दिवाळी सरली, मोहरमचा चंद्र दिसला. पिंजारी आमच्या उंबऱ्याबाहेर येऊन उभा राहिला.

"वैनी, यंदा ऱ्हाऊ द्या. आमी मानवतला जातो, हिच्या माहेरी. जिथं सवारी उठंना तिथं आमी कशाला?"

"सवारी उठंल," आई म्हणाली. "उठल्यावर मग जायचं तर जावा. मी आडवनार न्हाई."

बातमी गावभर झाली. दादा दोघा-तिघांना घेऊन आला. म्हणाला, "काकू, पोराला तालुक्याला नोकरी लागायलीय, नव्या सरकारात. त्याच्या हातानं अलावा खनला तर लोक काय म्हनतील?" मला नोकरी हवी होती. मी आईला सांगितलं, मी कुदळ मारणार नाही.

"तुला मार म्हनायलंय कोन?" ती म्हणाली, आणि भाकरी थापत राहिली.

अलावा खणायच्या दिवशी सकाळी देवळाच्या पायऱ्यांवर आम्ही सगळे बाप्ये गोळा झालो होतो. सवारी उठू द्यायची नाही, असं कुणी उघड बोलत नव्हतं. नुसते उभे होतो. आई खांद्यावर कुदळ घेऊन पटांगणात आली. आमच्याकडं विधवा बाई शुभकार्यात पुढं येत नसे, आणि ही तर अलाव्याची पहिली कुदळ.

"काकू," दादा ओरडला, "बाईनं मारल्याली कुदळ चालतीय व्हय?"

"बाप्ये लय हुडकले बाबा गावात. एक बी दिसंना, म्हनून आले."

तिनं कुदळ उचलली. पाऊस सरून जमीन तडकलेली, काळं ढेकूळ दगडासारखं. पहिला घाव उसळून परत आला. पुन्हा मारला. पायऱ्यांवर कुणीतरी हसत होतं, ते थांबलं. तिच्या धापेचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. खाली उतरून कुदळ हातात घ्यायला मला काही लागत नव्हतं. मी उतरलो नाही. शेवटी पलीकडची कुंभारीण घागर घेऊन आली आणि जमीन भिजवू लागली. मग आणखी दोघी आल्या.

दुपारी सवारी उठली. पुढं चाचा, मागं त्याच्या घरची माणसं आणि या चार बायका. वाजंत्री नाही, काही नाही. पायऱ्यांसमोर आल्यावर चाचा थांबला. दर वर्षी थांबायचा तसाच, माझ्यापुढं. त्यानं काठी झुकवली. त्याच्या कोनाड्यातून पंजा मीच ओढून नेला हे त्याला माहीत होतं. आईनं नाडा सोडून हातात धरला.

"ये," ती म्हणाली.

मी दादाच्या पाठीमागं सरकलो. चाचा वाट बघत राहिला. मला वाटलं, संध्याकाळपर्यंत बघत राहील. मग त्यानं काठी सरळ केली आणि सवारी पुढं गेली.

पिंजारी मानवतला गेला नाही. नवी कमान केली आणि पुन्हा कापूस पिंजू लागला. गाव सोडलं ते मी. नोकरी लागली. पुढं दर साली आईनंच कुदळ मारली. पायऱ्यांवरचे टोमणे आधी कमी झाले, मग बंद झाले, आणि नंतर टोमणे मारणारेच मलिद्याला हात पसरून येऊ लागले. दादासुद्धा.

निजामी कशी गेली, हे तुम्हाला पुस्तकात सापडेल. पण त्यानंतर आमचं गाव गाव म्हणून टिकलं, ते एका विधवा बाईनं सगळ्या गावाच्या तोंडावर टिकवलं, आणि हे कुठं लिहिलेलं नाही. कसं असेल? सांगणारे आम्ही सगळे त्या पायऱ्यांवर उभे होतो. आता त्यांतल्या एकानं सांगितलंय. कुणाला राग येणार असेल तर येऊ द्या.